उत्तर उद्याच्या अंकात

सौंसरला मराठी पेपर नागपूरहून येतो. अंतर साठ-सत्तर किलोमीटरचं, पण राज्य दुसरं. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा सौंसर-पांढुर्ण्यासकट मध्य प्रदेशात राहिला. कचेरीतले कागद हिंदी झाले, पोरांच्या शाळा बहुतेक हिंदी झाल्या. घरातली बोली तेवढी जागची हलली नाही, आणि पेपरही. डिसेंबर १९७१ मध्ये 'लोकमत' नागपुरातून दैनिक म्हणून निघू लागला, 'तरुण भारत' आधीपासून होताच. या पेपरांच्या आतल्या पानावर एक चौकटींचं शब्दकोडं असायचं, आणि आमच्याकडच्या कित्येकांचा मराठी लेखनाशी शाळेनंतरचा संबंध तेवढाच उरला होता.

ते कोडं एकट्याने कोणी सोडवत नसे. पेपर एक, वाचणारे पाच. सकाळी दुकानाच्या फळीवर ज्याच्या हाती पेन तो मोठ्याने विचारायचा, ''तीन अक्षरी नदी, विदर्भातली. मधात जोडाक्षर हाय.'' कोणीतरी 'वर्धा' म्हणायचं. ती दोनच घरांत बसते. 'वैनगंगा' म्हणावं तर चार. मग रामाकोन्याचा कोणी हसून 'कन्हान' सांगायचा, कारण ती त्याच्या गावावरूनच वाहते. 'न्हा' एका घरात बसवायचा, हे नव्या पोराला तिथेच कळे. भाजीचा शब्द आला की आमची पंचाईत व्हायची. कोडं रचणारा कोथिंबिरीची चार घरं आखून बसलेला, आणि आमच्या तोंडात तीन घरांचा 'सांभार'. असं पाच-सहा घरं रिकामी राहून कोडं दुपारी घरी जायचं, तिथे आत्याबाई एखादं भरायच्या, आणि बाकीच्यांसाठी खाली बारीक अक्षरात छापलेलं असायचं : उत्तर उद्याच्या अंकात.

गेल्या वीस वर्षांत कोड्यांचं काय काय झालं याचा हिशेब मांडायचा तर मला त्या ओळीपासून मांडावासा वाटतो. कोडी वाढली, फुकट झाली, खिशात आली. मधल्या काळात 'उद्या' मात्र हरवला होता.

फुकट हा शब्दही जपूनच वापरायला हवा, कारण कोड्याला पैसा फार पूर्वीच चिकटला होता. १९४०-५० च्या दशकांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं देशभर वेड होतं. प्रवेशिकेला पैसे भरायचे, कूपन टपालाने पाठवायचं, बक्षीस हजारांत. गोम अशी की एकाच जागी दोन शब्द सारखेच चपखल बसत, आणि आयोजकाने आधी ठरवून ठेवलेला तो 'बरोबर'. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कोड्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोडी बंगळुरूच्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकात छापली जात, खपत मुंबई राज्यात, म्हणून कर मुंबई सरकारने लावला होता. १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे बुद्धीचं काम नाही, जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराचं संरक्षण मिळणार नाही. त्याआधीच, १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांची महिन्याची बक्षिसं एकूण हजार रुपयांत आणि प्रवेशिका दोन हजारांत बांधून टाकल्या होत्या. त्यानंतर मोठ्या पैशांचा हा धंदा आटला. पेपरातलं बिनबक्षिसाचं कोडं राहिलं, म्हणून आमच्या फळीवर भांडणं झाली नाहीत असं मी समजतो.

मग २००५ च्या सुमारास सुडोकू आला. मुळात तो अमेरिकेतला. हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त वास्तुविशारदाचा, १९७९ मध्ये डेल मासिकात छापलेला. जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या प्रकाशनाने १९८४ पासून तो वाढवला. हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेले न्यूझीलंडचे वेन गूल्ड यांनी १९९७ मध्ये टोकियोच्या एका पुस्तकाच्या दुकानात तो पाहिला, सहा वर्षं खपून कोडी तयार करणारा संगणक-प्रोग्रॅम लिहिला आणि लंडनच्या 'टाइम्स'ला कोडी देऊ केली, फुकट. पहिलं कोडं १२ नोव्हेंबर २००४ ला छापलं गेलं. गूल्डची अट एवढीच की खाली त्यांच्या संकेतस्थळाचं नाव यावं. प्रोग्रॅम विकत घेणारे तिथून येत. आजच्या सगळ्या 'मोफत' कोड्यांचा धंदा या एका युक्तीत सापडतो. मला हा गृहस्थ आवडतो, कारण त्याने बदल्यात एक ओळ मागितली. पुढच्यांनी अख्खं पान मागितलं.

सौंसरसारख्या गावाला सुडोकू फार मानवला. त्याला हिंदी लागत नाही, मराठी लागत नाही. हिंदी शाळेतली नात आणि मराठी पेपर वाचणारे आजोबा एकाच चौकटीवर वाकू शकत. शब्दकोड्यात आजोबा नेहमी जिंकत, सुडोकूत नात जिंकू लागली. पण इथेही पेपरात एकच चौकट यायची आणि उत्तर दुसऱ्या दिवशी.

संगणक आमच्याकडे आला तो फॉर्म भरायला. एमपी ऑनलाइनच्या दुकानात गर्दी नसली की चालवणारा पोरगा पत्त्यांचा सॉलिटेअर नाहीतर माइनस्वीपर लावून बसे. सॉलिटेअर १९९० मध्ये विंडोजसोबत आला तो लोकांना माउस धरून ओढायची सवय व्हावी म्हणून, हे त्या पोराला माहीत असण्याचं कारण नव्हतं. सवय मात्र झाली होती. पण नेटवर बसून कोडी सोडवणं तासाच्या भाड्यात कोणाला परवडत नव्हतं. तो खर्च ५ सप्टेंबर २०१६ ला उतरला. जिओचं सिम आलं आणि पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत डेटा फुकट मिळाला. संत्र्याच्या बागेत राखणीला बसलेला माणूससुद्धा मोबाइलवर काहीतरी जुळवत बसलेला दिसू लागला.

या दुसऱ्या फुकटाची चव वेगळी निघाली. एक सुटलं की दुसरं तयार. अडलं की 'इशारा' दाबा, आणि इशाऱ्यासाठी तीस सेकंदांची जाहिरात बघा. जाहिरात बहुतेक वेळा रमीची असे. शेजारच्या एका काकूंनी एका रात्रीत चाळीस-पन्नास पातळ्या पार केल्याचं मला अभिमानाने सांगितलं. त्यातली एखादी आठवते का विचारलं, तर त्यांनी गोड हसून विषय बदलला. पेपरातला 'कन्हान' लोकांना वर्षानुवर्षं आठवे.

२०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सॲपने वेगळा पसारा मांडला. केळी, नारळ आणि घड्याळं यांची बेरीज, खाली '९९ टक्के लोक चुकतात'. खोच कायम एकच : शेवटच्या ओळीतल्या घडात एक केळं कमी, घड्याळात तीनच्या जागी दोन वाजलेले. चित्रांवरून गावं ओळखा, सिनेमे ओळखा, म्हणी ओळखा. गणित म्हणून यात राम नव्हता, पण नागपूर, पुणे, छिंदवाडा असं पांगलेलं एकेक खानदान एकाच कोड्यावर भांडत होतं, आणि घरात कोंडलेल्या त्या महिन्यांत ते भांडण फार कामाचं होतं. फळीवरची बैठक मोबाइलात भरली म्हणा ना.

त्याच पुरात एक जुनं, अस्सल कोडं पुन्हा फिरू लागलं. अनेकांना ते कोणाचं ते ठाऊक नव्हतं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. देवळालीच्या शाळेत मास्तर. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराला पुन्हा तेच करा. आमच्या गावाला लागू पडेल असं साल घेऊ : १९५६. ९६५१ वजा १५६९, राहिले ८०८२. ८८२० वजा ०२८८, राहिले ८५३२. ८५३२ वजा २३५८, राहिले ६१७४. आता पुढे काहीही करा, ६१७४ च येणार. कुठूनही निघालं तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत माणूस तिथे पोचतो. पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं ते साल २०२३. त्याला सहा पायऱ्या लागतात, करून बघा.

कापरेकरांनी हे १९४९ मध्ये जाहीर केलं. पदव्यांनी मोठी असलेली मंडळी शाळामास्तराच्या या खेळाकडे बघून हसत. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. कागद-पेन्सिलीवर चालणारं, जाहिरात नसलेलं, कोणाच्या मालकीचं नसलेलं हे कोडं मला या सगळ्या मोफत मालात सर्वांत मोफत वाटतं.

हरवलेला 'उद्या' परत आणला तो जोश वॉर्डल या अभियंत्याने. शब्दकोड्यांची आवड असलेल्या आपल्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी त्याने वर्डल रचला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांना खुला केला. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, सहा संधी, आणि दिवसाला एकच. दुसरा हवा तर झोपा आणि सकाळी या. १ नोव्हेंबरला खेळणारे ९० होते, २ जानेवारीला ३ लाख. त्यात जाहिरात नव्हती, ॲप नव्हतं. होते ते निकालाचे हिरवे-पिवळे चौकोन, उत्तर न फोडता मित्रांना पाठवता येतील असे. जानेवारी संपता संपता 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. म्हणजे गूल्डचंच गणित पुन्हा, आकडा मोठा. पाठोपाठ मराठीतही तसे खेळ निघाले. मराठीत अक्षर बरोबर पण काना-मात्रा चुकलेली अशी मधली अवस्था असते, ती दाखवायची कशी हा रचणाऱ्यांपुढचा खरा पेच होता. आमच्याकडच्या, हिंदी शाळेत शिकून पुण्यात नोकरीला गेलेल्या पोरांनी ऱ्हस्व-दीर्घाचा पहिला गंभीर विचार त्या रंगीत चौकोनांपुढे केला असावा.

आता मेंदूच्या व्यायामाविषयी, कारण वडीलधाऱ्यांना ही कोडी त्या नावाखाली दिली जातात. २०१० मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा प्रयोग आला. बीबीसीच्या मदतीने ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. ज्या खेळाचा सराव केला त्यात ते तरबेज झाले, बाकीच्या कामांत फरक पडला नाही. ल्युमोसिटी हे मेंदूच्या खेळांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीने विसरभोळेपणा दूर ठेवण्याचे दावे केले होते. ते सिद्ध करता न आल्याने २०१६ मध्ये तिला अमेरिकी व्यापार आयोगाला २० लाख डॉलर मोजावे लागले. उलट बाजूलाही एक नोंद आहे. विसरण्याचा सौम्य त्रास सुरू झालेल्या १०७ जणांवर दीड वर्ष चाललेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात चकचकीत खेळांपेक्षा शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्मरणशक्ती थोडी बरी टिकली. ती शब्दकोडीही संगणकावरचीच होती, तेव्हा कागदाचा गर्व करायचं कारण नाही. माणसं थोडी आणि फरक लहान, म्हणून यावरून औषधासारखी मात्रा ठरवू नये. कोणी आईला डॉक्टरकडे न्यायच्या ऐवजी ॲप उतरवून देत असेल तर त्याला अडवावं, एवढं मात्र खुशाल म्हणतो.

इशाऱ्यासाठी बघाव्या लागणाऱ्या त्या रमीच्या जाहिराती २०२५ च्या ऑगस्टनंतर गेल्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी घातली, जाहिरातींसकट, आणि यात कौशल्य की नशीब हा चमारबागवाला खटल्यातला जुना वाद बाजूलाच ठेवला.

त्याच्या महिनाभर आधी, २८ जुलैला, नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला होता. नागपूरची म्हणजे आमच्या बसच्या शेवटच्या थांब्याची पोरगी. त्या आठवड्यापासून इथल्या घरांत बुद्धिबळाची कोडी शिरली. लिचेस हे संकेतस्थळ ती खरोखर फुकट देतं. २०१० पासून देणग्यांवर चालतं, जाहिरात नाही, आणि लाखो कोडी खऱ्या लोकांच्या खऱ्या डावांतून निवडलेली. कोडी संपत नाहीत हा दोष इथेही आहे. पण इथे चुकलं की गुण खाली येतात, अडलं म्हणून जाहिरात बघून सुटका नाही. ठोकून बघू म्हणणाऱ्या पोराचे चार दिवसांत इतके गुण जातात की तो आपोआप थांबायला शिकतो. दोन-तीन घरांत मी बघितलंय : मोबाइल उताणा ठेवलेला, शेजारी खरा पट, त्यावर तीच मांडणी, आणि घोडा उचलू की नको यावर बहीण-भावाची हिंदीत सुरू झालेली, मराठीत पोचलेली जुंपलेली. आजी म्हणते, जेवून घ्या, घोडा कुठं पळून नाही जात.