साउथ बेंडमधला शुक्रवार

मोटारींचा इतिहास बहुतेक वेळा गाड्या रेखाटणाऱ्यांच्या आणि कंपनी चालवणाऱ्यांच्या नावानं लिहिला जातो. स्टुडबेकरचाही तसाच लिहिला गेला आहे: रेमंड लोवीच्या स्टुडिओतल्या देखण्या गाड्या, मग चुकलेले हिशेब, मग बंद पडलेला कारखाना. मला तो लाइनवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं वाचायचा आहे. म्हणून इथे एक कामगार कल्पिला आहे. वय अठ्ठावन्न, आईबाप पोलंडहून आलेले, नोकरी लागली १९२५ साली. नाव दिलेलं नाही, कारण त्याच्यासारखे हजारो होते. तो माणूस आणि त्याचं घड्याळ माझं. कारखाना, तारखा आणि आकडे घडलेले. दिवस शुक्रवार, २० डिसेंबर १९६३. गाव अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं साउथ बेंड.

पहाटे साडेपाच

बाहेर काळोख. शहराच्या पश्चिम भागातल्या या गल्ल्यांमध्ये पोलिश आणि हंगेरियन कुटुंबांची घरं दाटीनं उभी आहेत, आणि अनेक घरांतून निदान एक माणूस स्टुडबेकरमध्ये आहे. काही घरांत बाप आणि मुलगा दोघंही. कंपनी आपल्या जाहिरातींतून अशा बापलेकांच्या जोड्या अभिमानानं मिरवायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बायको डबा भरते, थर्मासमध्ये कॉफी ओतते. बोलणं कमीच. चार आठवड्यांपूर्वी, याच वारी, अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. त्या धक्क्यातून गाव सावरतंय तोवर ९ डिसेंबरला, सोमवारी, कंपनीनं जाहीर केलं की साउथ बेंडमध्ये मोटारी बनवणं थांबणार. उरलेलं उत्पादन कॅनडातल्या हॅमिल्टनच्या छोट्या कारखान्यात जाणार. ही घोषणा करणारे बायर्स बर्लिंगेम अध्यक्षपदावर येऊन महिनाही झाला नव्हता. त्यांच्या आधीचे शेरवुड एग्बर्ट आजारपणामुळे बाजूला झाले होते. नाताळ पाच दिवसांवर आलाय.

सकाळी सव्वासहा

कामावर जाताना वॉशिंग्टन रस्त्यावरचा दगडी वाडा लागतो. टिपकनू प्लेस म्हणतात त्याला. चाळीस खोल्यांचा हा वाडा क्लेमंट स्टुडबेकरनं १८८९ मध्ये पुरा केला. त्याच क्लेमंटनं मोठा भाऊ हेन्रीबरोबर १८५२ साली या गावात लोहारकामाचं दुकान मांडलं, तेव्हा दोघांकडे मिळून अडुसष्ट डॉलर होते असं सांगतात.

पैसा आणला तिसऱ्या भावानं. जॉन सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथे सोन्यामागे न लागता खाणवाल्यांना हातगाड्या बनवून विकू लागला. १८५८ मध्ये आठ हजार डॉलर गाठीला बांधून तो परतला आणि दुकानाचा कारखाना झाला. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला लागणाऱ्या घोडागाड्यांनी तो वाढला, पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांच्या गाड्यांनी आणखी वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोडागाड्या बनवणाऱ्यांत जगात त्याच्या तोडीचे फार थोडे होते.

मला या कंपनीबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो पुढच्या टप्प्यासाठी. १९०२ मध्ये विजेवर चालणारी मोटार, १९०४ मध्ये पेट्रोलची. अमेरिकेत घोडागाड्यांचे हजारो कारखाने होते; मोटारीचं युग येताच ते एकेक करून मिटले. इतक्या मोठ्या प्रमाणावर एका युगातून दुसऱ्यात पाऊल टाकून पुढे साठ वर्षं टिकली ती स्टुडबेकरच. नवं आलं की जुनं मोडायची हिंमत या लोकांच्या अंगात होती. ती कुठे आणि कधी गळून पडली, हे पाहायला कारखान्यात शिरावं लागतं.

सकाळी सात

भोंगा. लाइन सरकू लागते.

आपला माणूस शेवटच्या जोडणीत आहे. त्याच्या हाताशी येईपर्यंत बॉडीनं बराच प्रवास केलेला असतो. ती तयार होते सहा मजली इमारतीत, इमारत क्रमांक ८४ मध्ये. नकाशा वास्तुविशारद आल्बर्ट कानचा, बांधकाम १९२३ च्या सुमाराचं. तिथून ती वरच्या वर, बंदिस्त पुलातून जोडणीच्या इमारतीत येते. त्या काळी ही कामाची उत्तम सोय होती. पण दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचे कारखाने एकमजली झाले, लांबच लांब पसरलेले, एका टोकाला पत्रा आत आणि दुसऱ्या टोकाला गाडी बाहेर. साउथ बेंडमध्ये बॉड्या मजले चढत-उतरत राहिल्या. प्रत्येक चढ-उताराला मजुरी लागते, वेळ लागतो, आणि तो खर्च गाडीच्या किमतीत जाऊन बसतो.

नवा कारखाना बांधायला पैसा नव्हता, असं नाही. युद्धात इथे अफाट काम झालं. बी-१७ बॉम्बफेकी विमानांची त्रेसष्ट हजारांहून अधिक राइट सायक्लोन इंजिनं स्टुडबेकरनं बनवली. बर्फातून आणि चिखलातून जाणारी वीझल ही साखळीगाडी बनवली. यूएस-सिक्स हे तीन आसांचे ट्रक दोन लाखांच्या आसपास बनवले आणि त्यांतले बहुसंख्य सोव्हिएत रशियाला गेले. कात्युशा अग्निबाण सोडणारी यंत्रणा अनेकदा त्यांच्याच पाठीवर बसवलेली असे. युद्ध संपताच, १९४६ च्या वसंतात, स्टुडबेकरनं पूर्णपणे नवी गाडी बाजारात आणली. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्राइस्लर या मोठ्या तिन्ही कंपन्या तेव्हा युद्धापूर्वीचेच साचे वापरत होत्या. लोक रांगा लावून गाड्या घेत होते. १९५० मध्ये वर्षाला तीन लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, वीस हजारांहून अधिक माणसं कामाला होती. ती वर्षं इमारती बदलण्याची होती. तेव्हा भागधारकांना भरघोस लाभांश वाटला गेला आणि कारखाना होता तसाच राहिला. माझ्या मते या गाडीचं नशीब त्या चार-पाच वर्षांत ठरलं. पुढचं सगळं त्याचे परिणाम.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९३० मध्ये, महामंदीत, अध्यक्ष आल्बर्ट अर्स्किननी कमाईपेक्षा कितीतरी जास्त लाभांश वाटला होता. १९३३ च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, जुलैमध्ये अर्स्किननी आत्महत्या केली. पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स यांनी ती पुन्हा उभी केली. हेच हॉफमन पुढे मार्शल योजनेचे प्रमुख झाले. एकदा मरणाच्या दारातून परत आलेल्या घरानं तीच चूक पुन्हा करावी, याचं मला वाईट वाटतं.

सकाळी साडेनऊ

कॉफीची सुट्टी. ओतशाळेतला ओळखीचा भेटतो. ओतशाळेत उष्णता, धूर आणि जड काम. आणि दक्षिणेकडून कामासाठी आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांना वर्षानुवर्षं मुख्यतः तिथेच जागा मिळाली. इंजिनांचं काम अजून काही महिने चालणार आहे, कारण हॅमिल्टनला इंजिनं लागतील. म्हणजे त्याची नोकरी आपल्या माणसाच्या नोकरीहून थोडी लांबेल, एवढंच.

दुपारी बारा

डबे उघडतात. गेले अकरा दिवस एकच विषय: चूक कुणाची?

बाहेरचे लोक कामगारांकडे बोट दाखवतात. त्यात काही तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. इथली मजुरी डेट्रॉइटपेक्षा चढी होती. अंगावर काम घेण्याची पद्धत इतर मोटार कंपन्यांनी सोडली, इथे ती पन्नासच्या दशकापर्यंत टिकली, आणि ठरलेला आकडा भरला की उरलेला वेळ निवांत जायचा. एकाची जागा गेली की तो ज्येष्ठतेच्या हक्कानं दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या, अशी साखळी लागायची आणि दर वेळी माणसं नव्या कामावर शिकाऊ व्हायची. व्यवस्थापनानं हे मान्य केलं होतं, कारण गाड्या हातोहात खपत असताना त्यांना संप नको होता.

पण १९५४ च्या ऑगस्टमध्ये काय झालं, तेही सांगायला हवं. विक्री कोसळली होती. कंपनीनं युनियनकडे मजुरी कमी करायची मागणी केली. लोकल फाइव्ह या तिच्या इथल्या शाखेच्या सभासदांनी आधी नकार दिला आणि काही दिवसांतच दुसऱ्या मतदानात स्वतःची मजुरी कापून घेतली. ही गाडी चालावी म्हणून कामगारांनी पदरचं घातलं होतं.

१९५३ ची गोष्ट तर या लाइनवर प्रत्येकाला पाठ आहे. त्या वर्षीची ठेंगणी, लांबसडक कूपे गाडी लोवीच्या स्टुडिओत रॉबर्ट बर्क यांनी रेखाटली. अमेरिकेत बनलेल्या सर्वांत सुंदर गाड्यांत ती आजही मोजली जाते, आणि मलाही ती तशीच वाटते. पण कारखान्यानं तयारी केली होती चार दारांच्या सेडानची. मागणी आली कूपेची. दोन्हींच्या बॉडीचे पत्रे वेगळे, म्हणून सेडानसाठी केलेलं सामान कूपेला चालेना. सांगाडा इतका लवचीक की इंजिन बसवलं की पुढचा भाग खाली झुकायचा आणि पत्रे एकमेकांना जुळायचे नाहीत. गाड्या उशिरा निघाल्या, आणि नेमक्या त्याच वेळी फोर्ड आणि शेव्हरोले यांनी किमतींचं युद्ध सुरू केलं. लहान कंपन्या त्यात चिरडल्या गेल्या.

१९५४ मध्ये डेट्रॉइटची मोटार कंपनी पॅकार्ड आणि स्टुडबेकर एकत्र आल्या. लग्नानंतर पॅकार्डच्या माणसांनी वह्या उघडल्या, तेव्हा कळलं की खर्च भरून निघायलाच वर्षाला पावणेतीन लाखांहून अधिक गाड्या विकायला हव्यात. विकल्या जात होत्या लाखाच्याही आत. या व्यवहारात पॅकार्डचा बळी गेला. डेट्रॉइटचा त्यांचा कारखाना १९५६ मध्ये थांबला आणि १९५८ नंतर त्या नावाची गाडी निघाली नाही.

दुपारी दीड

लाइनवर आता मोकळ्या जागा दिसतात. मागून नव्या बॉड्या येत नाहीत. शेवटची येते ती लाल डेटोना, दोन दारांची हार्डटॉप. साउथ बेंडमध्ये बनलेली ही शेवटची स्टुडबेकर मोटार आता तिथल्याच संग्रहालयात आहे. तिच्यामागून माणसं आपापली हत्यारं गोळा करत येतात.

डेटोना ही लार्कच्या वंशातली. १९५९ ची लार्क म्हणजे जुन्याच बॉडीची पुढची-मागची टोकं आखडून केलेली छोटी गाडी; थोड्या खर्चात झाली आणि त्या वर्षी कंपनीला चांगला नफा देऊन गेली. तेवढ्यात फोर्डनं फाल्कन, शेव्हरोलेनं कॉर्व्हेअर आणि क्राइस्लरनं व्हॅलियंट आणली. छोट्या गाडीच्या बाजारात स्टुडबेकर त्यांच्याआधी उतरली, कापणी केली त्यांनी.

एग्बर्टनी आणखी एक डाव टाकला. लोवीला बोलावून पाम स्प्रिंग्सच्या वाळवंटात काही आठवड्यांत नवी गाडी रेखाटून घेतली: अवांती. तिची बॉडी फायबरग्लासची, बाहेर ओहायोमध्ये बनणारी. ती वेळेवर आणि नीट जुळणारी येईना. गिऱ्हाइकांनी वाट पाहिली आणि मग दुसरीकडे गेली. पाच हजारांच्या आतच अवांत्या बनल्या. तरी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि ती नितळ घडण पाहिली, की जाणवतं, शेवटच्या वर्षांतही इथल्या इंजिनिअरांची उमेद संपली नव्हती.

दुपारी साडेतीन

फाटकाबाहेर. आपला माणूस युनियनच्या हॉलकडे वळतो. बरोबर शेजारी आहे, एकसष्ट वर्षांचा. दोघं एकाच वयात, थोड्याशा अंतरानं कामाला लागलेले.

प्रश्न एकच: पेन्शनचं काय? पेन्शन योजना १९५० च्या करारात आली आणि पुढच्या करारांत रक्कम वाढत गेली. रोख मजुरी वाढवण्यापेक्षा पुढची पेन्शन वाढवून देणं कंपनीला सोपं होतं, आणि युनियननंही ते स्वीकारलं. जुन्या नोकरीच्या वर्षांचं देणं मात्र तीस वर्षांत हळूहळू भरायचं ठरलं होतं. कारखाना मध्येच थांबला तर निधीत खड्डा पडणार, हे कागदावर स्पष्ट होतं. बहुतेक कामगारांनी तो कागद वाचलेला नव्हता. कंपनी शंभर वर्षांची होती आणि बापही तिथेच होता.

हॉलमध्ये आज कुणाकडेच उत्तर नाही. ते पुढच्या वर्षी आलं. साठीच्या पुढच्यांना आणि आधीच निवृत्त झालेल्यांना, अशा सुमारे ३,६०० जणांना, पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या, दहा वर्षांवर नोकरी झालेल्या चार हजारांवर कामगारांना त्यांच्या हक्काच्या जेमतेम पंधरा टक्के, तेही एकदाच, सरासरी सहाशे डॉलरच्या आसपास. बाकीच्यांना काहीच नाही. दोघांपैकी शेजारी पहिल्या गटात आणि आपला माणूस दुसऱ्यात.

मला इथे राग येतो, आणि तो लपवायचा नाही. कारण कंपनी बुडाली नव्हती. बुडाली ती मोटार. इंजिन तेलात घालायचं एसटीपी आणि बागेची यंत्रं अशा धंद्यांत स्टुडबेकर कंपनी तगून होती. १९६७ मध्ये वर्दिंग्टन कंपनीशी एकत्र येऊन ती पुढे चालू राहिली. पण करारानुसार कामगारांचा हक्क फक्त निधीत शिल्लक असलेल्या पैशावर होता, कंपनीवर नव्हता.

रात्री आठ

जेवण झालं. टेबलावर नोकरीच्या जाहिराती. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कोण घेणार? हा प्रश्न त्या गावात इतका मोठा झाला की वयस्क कामगारांना काम शोधून द्यायला सरकारच्या मदतीनं ‘प्रोजेक्ट एबल’ नावाची खास योजना उघडावी लागली. लष्करी ट्रकांचा विभाग १९६४ मध्ये कैसर जीपनं घेतला आणि काहींना तिथे पुन्हा हातात पाना मिळाला. हॅमिल्टनचा कारखाना १९६६ च्या मार्चपर्यंत चालला. शेवटी शेवटी तर त्या गाड्यांत जनरल मोटर्सची इंजिनं होती.

साउथ बेंडच्या हिशेबाचा दाखला युनियननं आणि काही खासदारांनी पुढे दहा वर्षं सोडला नाही. २ सप्टेंबर १९७४ रोजी, अमेरिकेच्या कामगार दिनी, अध्यक्ष फोर्ड यांनी निवृत्तिवेतनाच्या कायद्यावर सही केली. त्यानं कंपन्यांवर निधी भरण्याची सक्ती आली आणि बुडालेल्या पेन्शनींसाठी सरकारी विमा महामंडळ स्थापन झालं. आपला माणूस तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा असता. त्याला आणि त्याच्या लाइनवरच्या कुणालाही त्या कायद्यातून काही मिळालं नाही. तो पुढच्यांसाठी होता.