नाण्याचा चेहरा गंजात असतो

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीसारख्या वसाहतीत लोखंडी टाकीला रंग देण्याआधी ब्लास्टिंग करतात. कॉम्प्रेसरची हवा साधारण 7 बार दाबाने नोझलमधून सुटते, तिच्याबरोबर ग्रिट, म्हणजे वाळूसारखे कठीण कण, पत्र्यावर आदळतं आणि जुना गंज बघता बघता उडून जातो. मग जमिनीतून निघालेलं, हिरव्या ढेकळासारखं दिसणारं तांब्याचं प्राचीन नाणं याच माऱ्याखाली धरलं तर?

आधी ते नाणं जमिनीत कसं गंजतं ते बघू. ओलाव्यात तांब्याचे कण विरघळून बाहेर सरकतात आणि मातीतल्या कार्बोनेटशी मिळून हिरवं मॅलाकाइट होतं. आत, तांब्याने सोडलेल्या जागी, लालसर क्युप्राइट भरत जातं. या दोन थरांमधली सीमा म्हणजेच टांकसाळीतून निघालेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग! सीमेच्या बाहेरच्या थरात मातीचे कण अडकलेले असतात, आतल्या थरात नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली संवर्धक याच खुणेवरून ती ओळखतात. म्हणजे पुष्कळदा राजाचं नाक, अक्षरांच्या वेलांट्या धातूत उरलेल्याच नसतात. त्या गंजात जपलेल्या असतात. मला तर हा निसर्गाचा चमत्कारच वाटतो.

ब्लास्टिंगची गोची इथेच होते. मोहस् काठिण्यश्रेणीत तांबं 3 च्या आसपास, मॅलाकाइट आणि क्युप्राइट साडेतीन ते 4, वाळूतलं क्वार्ट्झ 7. गंज धातूपेक्षा कठीण! जो कण गंज कापू शकतो, त्याला खालचं तांबं म्हणजे लोणीच. चकचकीत, गुळगुळीत, मुका गोळा हाती येतो. शिवाय क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. वडोदऱ्याहून जवळच, गोध्र्याच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत राबलेल्या कित्येक आदिवासी मजुरांचा त्याने जीव घेतला आहे. घरी हा प्रयोग कुणीही करू नये.

अशा माऱ्याने जातं काय, ते पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांच्या नाण्यात बघावं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने 1960 ते 1963 मध्ये शामळाजीजवळ देवनी मोरीचा बौद्ध स्तूप खणला. त्यात क्षत्रपांची चांदीची नाणी मिळाली. असलं नाणं जेमतेम दीड सेंटीमीटरचं, वजन 2 ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जागेत एका बाजूला राजाचा चेहरा आणि अनेक नाण्यांवर डोक्यामागे ब्राह्मी अंकांत शक वर्ष. दुसरीकडे तीन कमानींचा डोंगर, खाली नदीची नागमोडी रेघ, भोवती राजाचं आणि त्याच्या बापाचं नाव. या घराण्याची वंशावळ आणि सनावळी मुख्यतः अशा नाण्यांवरूनच लागली. अंकातली केसाएवढी रेघ झिजली की वर्ष गेलं. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये सापडलेल्या 13,250 नाण्यांपैकी क्षत्रप राजा नहपानाच्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. हरलेल्या राजाचा पुसट चेहरा त्या छापाखालून डोकावतो. तो घासून काढला तर अख्खी लढाई पुसली जाईल.

माऱ्याला माणसाळवताही येतं. 1940 च्या दशकात रॉबर्ट ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने बारीक पूड फुंकून दात कोरण्याचं तंत्र काढलं. पुढे ते जीवाश्म मोकळे करायला वापरलं गेलं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या 1986 च्या शताब्दीआधी आतलं डांबर खाण्याच्या सोड्याच्या माऱ्याने काढलं. सोडा तांब्याहून मऊ, त्यामुळे जेमतेम 2.4 मिलिमीटरचा पत्रा शाबूत राहिला. पण फटींतून झिरपलेल्या सोड्याने बाहेरचा हिरवा थर काही ठिकाणी निळसर झाला. चिकटलेली माती उडवायला, प्रयोगशाळेत, जाणत्या हातात अशी पूड चालेल. अक्षरांपाशी मात्र नकोच. तिथे सूक्ष्मदर्शक, स्काल्पेल आणि दिवसेंदिवसांची चिकाटीच हवी.

चेहरा वाचला तरी एक धोका राहतो. गंजाच्या तळाशी बहुधा तांब्याचं क्लोराइड दडलेलं असतं. वरचं कवच उडालं की वडोदऱ्याच्या जुलैतली दमट हवा त्याला भिडते, आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि पुन्हा क्लोराइड बनतं. साफ केलेल्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी फुटू लागते. म्हणून संवर्धक शक्य तेवढं क्लोराइड धुऊन काढतात, गंज रोखणाऱ्या बेंझोट्रायझोलचा लेप देतात आणि नाणं सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कोरड्या डबीत बंद करतात.