दाणा नको, पाणी ठेवा

साताऱ्या-सांगलीच्या पक्ष्यांवर लेख मागितला की मंडळी मायणीच्या तलावावर रोहित दाखवतात, सागरेश्वरला वळसा घालतात आणि कोयनेच्या जंगलात लेख संपवतात. ते सारं लिहून झालं आहे. मला परसातल्या पाखरांबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे पाखरांना दाणा घालायचा वेगळा खटाटोप कधी नव्हता. शाळूची रास घरी आली की चार कणसं ओसरीला टांगायची, सूप पाखडताना कण्या अंगणात पडायच्या, पितृपक्षात कावळ्याला घास. कौलांच्या सांदीत चिमणीचं घरटं असायचंच. माण-खटाव, आटपाडी-जतकडे मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे शाळूवर उतरत आणि माळ्यावरून गोफणी फिरत. त्याच भोरड्या नाकतोडेही फस्त करत, हे मात्र कोणी सांगत नाही. पुढे कृष्णाकाठी ऊस पसरला, तासगावकडे द्राक्षबागांवर जाळ्या चढल्या, कौलं जाऊन स्लॅब आले.

मग आले दाणेवाले. 2010पासून 20 मार्चला चिमणी दिन साजरा होतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी तो जगभर नेला, आणि त्यामुळे लोकांचं चिमणीकडे लक्ष गेलं, हे मान्य. पण आमच्याकडे त्याचा अर्थ प्लास्टिकची बाटली कापून त्यात बाजरी भरणं एवढाच झाला. चिमणीची पिल्लं पहिले काही दिवस अळ्या-किड्यांवर वाढतात. बागेत औषध फवारायचं आणि गॅलरीत बाजरी टांगायची, याला पक्षिप्रेम म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. शिवाय त्या बाजरीवर चिमणीच्या आधी पारवे येतात. पारव्यांचं कौतुक किती महागात पडतं, ते 2025मध्ये मुंबईच्या कबुतरखान्यांवरून झालेल्या रणकंदनात सर्वांनी पाहिलं. फरसाण आणि मिठाचा भात घालणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

पाण्याची गोष्ट निराळी. मातीची पसरट परात, पाणी दोन बोटं, मध्ये एक खडबडीत दगड, जवळ एखादी फांदी. पण मांजराला दबा धरता येईल असं झुडूप लगत नको. गुळगुळीत चिनी मातीचं भांडं घेऊ नका, पाय घसरतो. पाणी रोज सकाळी बदलायचं आणि परात काथ्यानं घासायची, म्हणजे डासांचंही भय नाही. साळुंक्या भांडतच येतात आणि निम्मं पाणी बाहेर उडवतात. सातभाई टोळीनं येतात, पण एक जण वर बसून राखण करतो. दयाळ एकटा, शेपटी उभारून. चष्मेवाले झुंडीनं येतात, मिनिटभरात आंघोळ उरकून पसार. शिंजीर सहसा परातीकडे फिरकत नाही. कर्दळीच्या पानावर पाणी शिंपडलं की त्या ओल्या पानावर छाती घासत, पंख फडफडवत तो न्हातो. तांबट पाण्याला क्वचितच दिसतो, त्याची तहान उंबराच्या फळांत भागते. हे सारं पाहायला दुर्बीण लागत नाही, खिडकी लागते.

दाण्याची हौसच असेल तर झाडाच्या रूपानं भागवा. पांगारा फुलला की साळुंकी, बुलबुल, कावळा, शिंजीर सगळे एकाच पंगतीला. तुतीवर बुलबुल हटत नाही. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर असतोच. आंब्यावरचं बांडगुळ सरसकट छाटणाऱ्यांनी फुलटोच्याला तेवढं विचारून घ्यावं. बांडगुळाची फळं तो खातो आणि बी फांदीला पुसून पुढची लागवडही करतो.

पण झाड लावायचं कुठे? सातारच्या शाहूपुरीत काय, सांगलीच्या विश्रामबागेत काय, नवा बंगला बांधला की कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक. पालापाचोळा दिसला की माळ्याला फोन. सातभाई तो पालापाचोळा उलथूनच पोट भरतात. नवे बागवाले लॉन लावतात, त्यावर फवारा मारतात आणि मग पक्षी का येत नाहीत म्हणून मला विचारतात.

वीतभर माती उघडी ठेवा. पांगाऱ्याची फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की जगते, कुणाकडून तरी मागून ठेवा. परातीला मात्र मुहूर्त लागत नाही. ती उद्याच ठेवा.