हवेची रायफल आणि दारूची रायफल

धाराशिव जिल्ह्यात तोफा-बंदुकांचा विषय निघाला की जाणत्यांच्या तोंडी प्रथम परांड्याचे नाव येते. कारण १५४९ साली अहमदनगरास ओतलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ परांड्याच्या किल्ल्यावरूनच १६३२ मध्ये आदिलशाहीतील मुरारपंतांनी विजापुरास नेली. परंतु १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या, रेल्वेत नोकरीस असलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या त्रिस्थिती स्पर्धेत कांस्यपदक मिळविल्यापासून, ज्यांचा युद्धाशी वा शिकारीशी संबंध उरलेला नाही अशा क्रीडेच्या शस्त्रांविषयीही मुलांचे पालक चौकशी करू लागले आहेत. त्यांच्यासाठी हा परिचय.

क्रीडेच्या रायफली मुख्यतः दोन. पहिली दहा मीटरची हवेची रायफल. तिच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर असून नळकांड्यात दाबून भरलेली हवा शिशाच्या छऱ्यास सेकंदास सुमारे १७० मीटर वेगाने ढकलते. दुसरी ५० मीटरची, पॉइंट टू-टू म्हणून ओळखली जाणारी, तिच्या ५.६ मिलिमीटरच्या काडतुसात दारू असते आणि गोळीचा वेग जवळजवळ दुप्पट. पहिलीचे वजन साडेपाच किलोंच्या आत असावे लागते. दुसरीस आठ किलोंपर्यंत मुभा आहे, शिवाय खांद्यामागे आकडा आणि उभे राहून मारताना तळहाताखाली आधार लावण्याचीही सवलत आहे. हवेच्या रायफलीस या सवलती नाहीत, आणि तिचे साठही नेम उभ्यानेच मारावयाचे असतात. त्रिस्थितीत मात्र गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभ्याने, असे वीस-वीस.

लक्ष्यपटाकडे पाहिल्यास हवेच्या रायफलीचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तर दुसरीचा १०.४ मिलिमीटरचा, यावरून पहिलीच अधिक कठीण असा समज होतो, पण तो चक्षूंचा भ्रम होय. छऱ्याची कड ठिपक्यास शिवली तरी दहा गुण मिळत असल्यामुळे छऱ्याचा मध्य अडीच मिलिमीटर चळला तरी चालते. पन्नास मीटरवर हीच मोकळीक आठ मिलिमीटर आहे, जी दहा मीटरच्या हिशेबाने जेमतेम १.६ भरते. त्यात वाऱ्याची भर. माशीतून काळे वर्तुळ नीट दिसत असूनही वारा दाखविणाऱ्या झेंड्याकडे पाहून चाप ओढावयाचा की थांबावयाचे, हा निर्णय नेमबाजास पुनःपुन्हा करावा लागतो.

तरीही हवेची रायफल सौम्य समजू नये. मंद छर्रा नळीत अधिक काळ रेंगाळतो, आणि चाप ओढल्यानंतरचा देहाचा लवमात्र कंपही लक्ष्यपटावर उमटतो. दोष वाऱ्याच्या माथी मारण्याची सोय तेथे नाही. अंजली भागवत यांनी २००२ साली म्युनिकमध्ये अजिंक्यवीरांच्या स्पर्धेत आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ साली कैरोतील जागतिक स्पर्धेत जे यश मिळविले, ते याच शस्त्राने. पॉइंट टू-टूची परंपराही कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला पालथ्या स्थितीत जागतिक विजेतेपद मिळवून उज्ज्वल केली होती.

सरकारदरबारी मात्र दोघींत मोठा भेद आहे. ४.५ मिलिमीटरच्या, वीस ज्यूलहून कमी ऊर्जेच्या हवेच्या रायफलीस परवाना लागत नाही. दारूच्या रायफलीसाठी शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना, त्याची मुदत, काडतुसांचा हिशेब, हे सारे ओघाने आले. शिवाय पन्नास मीटरचे सुरक्षित मैदान उभारणे खर्चाचे; हवेच्या रायफलीस दहा मीटर अंतर मिळेल असे बंदिस्त दालन, छर्रे अडविणारी मजबूत पेटी आणि कडक शिस्तीचा शिक्षक एवढे पुरते. म्हणून तुळजापूर, उमरगा वा कळंब येथील ज्या मुख्याध्यापकांच्या मनात हा खेळ सुरू करावयाचे असेल त्यांनी प्रारंभ हवेच्या रायफलीने करावा, आणि पहिला खर्च रायफलीचा नव्हे, तर शिक्षकाच्या वेतनाचा धरावा.