दृष्टीवाचून चित्रकला

कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे, डोळे घट्ट मिटावेत आणि एक साधे घर काढून पाहावे. दोन बाजूंच्या भिंती, वर उतरते छप्पर, मध्ये दार, एवढेच. डोळे उघडल्यावर बहुधा असे आढळते की, छप्पर भिंती सोडून कोठेतरी तरंगत आहे आणि दार अंगणात जाऊन पडले आहे. घर कसे असते हे ठाऊक नव्हते असे नाही. हातही रोजचाच होता. मग बिघडले कोठे? पेन्सिल कागदावरून उचलली, त्याच क्षणी आधीची रेघ कोठे संपली हे सांगणारे कोणी उरले नाही. रेघेवरून बोट फिरवले तरी ती बोटाला लागत नाही. चित्र काढताना डोळ्यांचे मोठे काम हेच की, ते हाताला क्षणोक्षणी जागा दाखवीत असतात.

हे ध्यानात घेतले म्हणजे बंगालमधील चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी ह्यांच्यापुढे केवढी अडचण उभी राहिली होती, हे समजू लागते. उतारवयात त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे ते जगले आणि त्या काळातही चित्रे करीत राहिले.

बिनोदबिहारींचा जन्म १९०४ साली कलकत्त्याजवळील बेहाला येथे झाला. जन्मापासूनच त्यांचा एक डोळा निकामी होता आणि दुसऱ्याने अगदी जवळचे तेवढे दिसे. अशा मुलाचे शालेय शिक्षण सुरळीत कसे व्हावे? १९१७ साली ते रवींद्रनाथ ठाकूरांच्या शांतिनिकेतनात आले, आणि तेथे कलाभवन सुरू झाल्यावर त्यांनी चित्रकला शिकण्याची इच्छा धरली. ज्याला समोरचे झाड धड दिसत नाही, त्याला चित्रकला शिकवावी की नाही, असा प्रश्न गुरू नंदलाल बोस ह्यांना पडला. ह्यात नंदलालांचा दोष काढण्याचे कारण नाही. कोणत्याही विचारी शिक्षकाला तो पडलाच असता. परंतु मुलगा मन लावून काम करीत असेल तर त्याच्या भवितव्याची काळजी आपण वाहू नये, असा रवींद्रनाथांचा अभिप्राय पडला आणि बिनोदबिहारींना प्रवेश मिळाला. पुढे १९२५ पासून ते त्याच संस्थेत शिकवू लागले.

जाड भिंगांचा चष्मा लावून हा तरुण शांतिनिकेतनाच्या आसपास हिंडे. बीरभूम जिल्ह्यातील ती भूमी तांबडी आणि कोरडी. पावसाच्या पाण्याने खचून तिच्यात घळी पडल्या आहेत. मधूनच एखादा ताड उभा असतो. हे उजाड सौंदर्य त्यांच्या चित्रांत वारंवार येते. १९४० साली त्यांनी कलाभवनाच्या वसतिगृहाचे छतच रंगविले. मध्ये एक तळे, आणि त्याभोवती झाडे, गुरे, माणसे, असे सारे बीरभूमचे खेडे त्यांनी वर नेऊन ठेवले. विद्यार्थ्याने अंथरुणावर पाठ टेकली की ते गाव त्याच्या डोळ्यांसमोर! त्या सुमारास तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांत सत्यजित राय हे होते.

परंतु त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १९४६–४७ मध्ये हिंदी भवनाच्या दालनात काढलेले भित्तिचित्र होय. तीन भिंतींच्या वरच्या भागावर मध्ययुगातील संत आणि त्यांच्या भोवतीचे लोकजीवन नदीच्या प्रवाहासारखे पुढे पुढे सरकत जाते. कबीर आहेत, तुलसीदास आहेत. ज्यांना परंपरा अंध मानते ते सूरदासही आहेत. हे चित्र ओल्या गिलाव्यावर काढलेले आहे, आणि ही रीत मोठी कठीण. चुन्याचा ताजा गिलावा करावयाचा आणि तो ओला आहे तोवरच पाण्यात कालवलेले रंग त्यावर लावावयाचे. गिलावा सुकताना चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून घेतो आणि दगडासारखा घट्ट होतो. रंगाचे कण त्यात कायमचे बसतात. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा करतात. रंग चुकला तर पुसता येत नाही. गिलावा खरवडून पुन्हा आरंभ करावा लागतो. ह्या भीतीने पुष्कळ चित्रकार आधी पूर्ण मापाचा आराखडा कागदावर काढतात आणि तो भिंतीवर उतरवून घेतात. बिनोदबिहारींनी तसा आराखडा उतरवून घेतला नाही. पत्नी लीला ह्या स्वतः शिल्पकार होत्या. त्यांचे व काही विद्यार्थ्यांचे त्यांना साहाय्य होते. तरी एका अधू डोळ्याने, भिंतीला जवळजवळ नाक लावून काम करणाऱ्या माणसाला संपूर्ण चित्र दिसणार कोठून? तीन भिंती भरून जाणारे ते दृश्य त्यांना मनातच मांडून ठेवावे लागले असले पाहिजे.

त्यानंतर ते नेपाळातील काठमांडूच्या संग्रहालयात काही काळ होते. पुढे राजस्थान व मसुरी येथेही त्यांनी काम केले. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर थोड्याच वर्षांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वी झाली नाही, आणि जे थोडे दिसत होते तेही दिसेनासे झाले.

आता रंगाची डबी ओळखता येईना. कागदाची पांढरी बाजू कोणती आणि लिहिलेली कोणती, हेही दुसऱ्यास विचारावे लागे. १९५८ साली ते शांतिनिकेतनास परतले व कलेचा इतिहास शिकवू लागले. जी चित्रे स्वतःला दिसत नाहीत त्यांच्याविषयी ते विद्यार्थ्यांना केवळ स्मरणाच्या बळावर सांगत असत. त्याबरोबर हातही चालू झाला.

तो कसा चालला, हे समजून घेण्यासारखे आहे. शाईची रेघ बोटाला लागत नाही. पण डाव्या हाताची बोटे कागदावर टेकवून ठेवली, तर उजव्या हाताला त्यांच्यापासूनचे अंतर कळते. कागदाला घडी घातली म्हणजे घडीचा उंचवटा जाणवतो, आणि तो पाटीवरील आखणीसारखा उपयोगी पडतो. रंगीत कागद कात्रीने कापला तर त्याची कड बोटाला स्वच्छ लागते, म्हणजे माणसाची पाठ किंवा मांजराची शेपटी चाचपून पाहता येते. रंग कोणता एवढेच कोणाकडून तरी जाणून घ्यावे लागते. तो रंग दिसतो कसा, हे आठवणीत असतेच. आणि मेणाची बाहुली तर सर्व बाजूंनी हातात मावते. रेखाटने, कागदकाम आणि मेणाच्या लहान मूर्ती हे तिन्ही प्रकार बिनोदबिहारींनी अंधपणी केले. फ्रान्समधील विख्यात चित्रकार हेन्री मातिस ह्यांनीही १९४१ मधील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभे राहून रंगविणे कठीण झाल्यावर कात्री व रंगीत कागद जवळ केला होता, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

अंध झाल्यामुळे बिनोदबिहारी मोठे चित्रकार झाले, असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या हाताला अनेक वर्षांचा सराव होता. ती शिदोरी नसती तर नुसत्या युक्त्यांनी काय साधले असते? शिवाय त्यांनी गमावलेही पुष्कळ. ताडाच्या झाडावरील संध्याकाळचा उजेड आज कसा आहे, हे त्यांना पुन्हा कधी पाहता आले नाही. तरीही आपल्या अंधत्वाकडे ते केवळ हानी म्हणून पाहत नसत; तो त्यांना एक नवा अनुभव वाटे, आणि त्याचे वर्णन त्यांनी आपल्या बंगाली लेखनात मोठ्या जिज्ञासेने केले आहे.

१९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी आणखी एक भित्तिचित्र रचले. ह्या वेळी ओला गिलावा नव्हता. झिलई दिलेल्या फरशांच्या तुकड्यांतून आकृती जुळविल्या होत्या. छाया नाही, बारीक तपशील नाही; केवळ बाह्याकारावरून माणसे ओळखू येतात. त्याच वर्षी सत्यजित राय ह्यांनी आपल्या ह्या गुरूंवर ‘द इनर आय’ हा लघुपट काढला. काळा चष्मा लावलेले बिनोदबिहारी त्यात आपल्या कामात गढलेले दिसतात. १९७४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले आणि १९८० साली त्यांचे निधन झाले.

त्यांची कन्या मृणालिनी हिचा जन्म १९४९ साली मुंबईत झाला. ती शिल्पकार झाली. परंतु तिने दगड किंवा लाकूड आधी हाती घेतले नाही. तागासारख्या धाग्याचे दोर रंगवून, त्यांना बोटांनी गाठीवर गाठ मारीत तिने माणसाहूनही उंच आकृती उभ्या केल्या.