एका पेशीने बांधलेला चुनखडक

पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्यात विहीर खणताना मुरूम संपला की कठीण दगड लागतो. भंडारा जिल्ह्यातले बहुतेक खडक याच जातकुळीचे : नाइस, शिस्ट, क्वार्टझाइट. त्यांतल्या एका मोठ्या खडकसमूहाला भूवैज्ञानिकांनी जिल्ह्यातल्याच साकोलीचे नाव दिले आहे. हे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत, शिवाय उष्णतेने आणि दाबाने पार बदललेले. त्यांत शंख-शिंपले शोधण्यात अर्थ नाही. मी इथे मुलांना विज्ञान शिकवतो. खडक दाखवायला शेताचा बांध पुरतो. जीवाश्म दाखवायचे तर कच्छहून आणलेली पेटी उघडावी लागते. त्या पेटीतला माझा सर्वांत लाडका जीव म्हणजे न्युम्युलाइट्स.

कच्छच्या लखपत तालुक्यात फुलरा आणि हरुडी ही गावे आहेत. तिथल्या इओसीन काळातल्या, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या थरांना या गावांचीच नावे मिळाली आहेत. खडक झिजला की त्यातल्या गोल, चपट्या चकत्या सुट्या होऊन जमिनीवर पसरतात. कॅप्टन ग्रँट यांनी इथून गोळा केलेल्या जीवाश्मांचे वर्णन सोवर्बी यांनी १८४० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून कच्छ हा या अभ्यासाचा एक महत्त्वाचा पत्ता आहे. न्युम्युलाइट्स हे वंशनाव त्याआधीच, १८०१ मध्ये, लामार्क यांनी दिले होते. माणसाने मात्र हे दगड फार पूर्वी पाहिले होते. गिझाचे पिरॅमिड याच जिवांनी भरलेल्या चुनखडकाचे आहेत. तिथे पडलेले मसुराएवढे खडे म्हणजे मजुरांच्या उरलेल्या जेवणाचा दगड झाला, अशी समजूत ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने नोंदवून ठेवली आहे.

हा जीव फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सागरी जिवांच्या गटातला. गण रोटॅलिइडा, कुल न्युम्युलिटिडी, वंश न्युम्युलाइट्स. एकपेशीय म्हटले की डोळ्यांना न दिसणारे काहीतरी मनात येते. पण या वंशातल्या काही जातींची कवचे दहा सेंटीमीटरहून रुंद होती. एवढे घर एकाच पेशीने बांधले, हे वर्गात सांगताना माझ्या अंगावर आजही रोमांच उभे राहतात.

घराची रचना पाहायची तर ते उघडावे लागते. त्याची जुनी रीत साधी आहे. कवच चिमट्यात धरून बर्नरवर चांगले तापवायचे आणि झटकन थंड पाण्यात टाकायचे. बहुधा ते मधल्या पातळीत दुभंगते. तो अर्धा भाग काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन घासला, की हातभिंगाखाली सगळा आराखडा दिसू लागतो. मध्यभागी पहिला गोल कप्पा. तिथून चकलीसारखी वेटोळी बाहेर निघतात आणि प्रत्येक वेटोळे पातळ, वाकड्या पडद्यांनी लहान लहान कप्प्यांत विभागलेले असते. जीव वाढला की पुढे नवा कप्पा जोडायचा, मागचे तसेच ठेवायचे. वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेने चुन्याची एक जाड दोरी जाते. तिच्यात बारीक नलिकांचे जाळे असते. ही कडेची दोरी हे या कुलाचे ठळक लक्षण आहे. कवचाची भिंतही सूक्ष्म छिद्रांनी भरलेली असते.

न्युम्युलाइट्समध्ये प्रत्येक नवे वेटोळे आधीच्या वेटोळ्यांना दोन्ही बाजूंनी केंद्रापर्यंत झाकून टाकते. त्यामुळे बाहेरून वेटोळी दिसत नाहीत. दिसतात त्या पडद्यांच्या रेषा. कुठे त्या केंद्रातून किरणांसारख्या निघतात, कुठे नागमोडी जातात, कुठे त्यांची जाळी होते. काही जातींवर बारीक दाणे असतात. या खुणांवरूनही जाती ओळखतात. शेजारच्या असिलिना वंशात वेटोळी एकमेकांना पूर्ण झाकत नाहीत, म्हणून ती बाहेरूनही मोजता येतात. फुलऱ्याच्याच खडकात मिळणारी डिस्कोसायक्लिना वरवर तशीच चकती वाटते, पण आत वेटोळे नाहीच; कप्प्यांची वर्तुळांमागून वर्तुळे आहेत. तिचे कुल वेगळे. बाह्य आकार फसवतो, काप खरे सांगतो.

कापाने एक मोठा गुंताही सोडवला. एकाच थरात काही मिलिमीटरच्या पुष्कळ आणि त्यांच्या कित्येक पट मोठ्या थोड्या चकत्या एकत्र सापडत. अभ्यासकांनी त्यांना वेगवेगळ्या जाती मानून वेगवेगळी नावे दिली. मिकेलोट्टी यांनी १८४१ मध्ये फिक्टेली जातीचे वर्णन केले, द'आर्शियाक यांनी १८४६ मध्ये इंटरमीडियस जातीचे. खरे तर त्या एकाच जातीच्या दोन पिढ्या होत्या. अलैंगिक प्रजननात आईचे शरीर अनेक पिलांत वाटले जाते. पिलाला भांडवल मोठे मिळते, म्हणून पहिला कप्पा मोठा असतो, पण पूर्ण कवच लहानच राहते. लैंगिक प्रजननातून आलेल्या पिलाचा पहिला कप्पा अतिसूक्ष्म, पण ते वाढत वाढत प्रचंड होते. आधीचे नाव टिकते या नियमाने आज जात एकच धरतात : फिक्टेली.

ही जात ऑलिगोसीन काळातली. त्याआधी, इओसीनच्या अखेरीला, सुमारे ३.३९ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी थंडावली आणि अंटार्क्टिकावर मोठा हिमस्तर जमला. उबदार, उथळ, उजेडाच्या समुद्रात वाढणाऱ्या या वंशाला उतरती कळा लागली आणि ऑलिगोसीनमध्ये तो संपला. त्याच्याच कुलातली ऑपरक्युलिना आजही उष्ण समुद्रात जगते आणि पोटात डायटम शैवाले बाळगून त्यांच्याकडून अन्न मिळवते. न्युम्युलाइट्सही असेच जगत असावेत, असे त्यावरून मानतात.

महाराष्ट्राचाही याच्याशी थेट संबंध आहे. वसईच्या पश्चिमेला अरबी समुद्राच्या तळाखाली इओसीन चुनखडकात न्युम्युलाइट्स आहेत आणि त्याच खडकात नैसर्गिक वायूचा मोठा साठा आहे. त्या थरांना वसईचेच 'बसीन' हे जुने नाव दिले आहे. विहिरीतून वर आलेल्या खडकाच्या तुकड्यांत कोणत्या जाती आहेत, यावरून थराचे वय ठरते. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या आणि कारखान्यांतल्या इंधनाच्या शोधात या वर्गीकरणाचा वाटा आहे.

विदर्भातून कच्छला सहली नेणाऱ्या शिक्षकांना माझे कळकळीचे सांगणे आहे. उभ्या खडकाला हातोडी लावू नका. परवानगी घेऊन सुटे पडलेले मोजकेच उचला. ठिकाण आणि थर तिथल्या तिथे वहीत लिहा. मोठ्या चकत्यांच्या मोहात लहान टाकून देऊ नका, कारण दोन्ही मिळूनच एक जात पूर्ण होते. आणि परत आल्यावर त्या काचेच्या कपाटात सजवून ठेवू नका. निदान एक तरी मुलांच्या हातून उघडा.