तुसाची राख स्लॅबमध्ये टाकायची का?

आजचा प्रश्न खास भंडारा-गोंदियाकडच्या श्रोत्यांच्या कामाचा. राइस मिलच्या बॉयलरमधली राख मिळते, मग घर बांधताना थोडं सिमेंट कमी करून ती टाकली तर? थोडक्यात उत्तर: राख गुणाची आहे, पण स्वतःच्या स्लॅबवर प्रयोग नको. का, ते बघूया.

आधी हिशोब. १०० किलो धानातून साधारण २० किलो तूस निघतं. ते जाळलं की ४ किलोच्या आसपास राख उरते. नीट जळालेल्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते.

आता सिमेंट. त्यात पाणी पडलं की दोन मुख्य गोष्टी तयार होतात: वाळू-खडी धरून ठेवणारा पदार्थ आणि मोकळा चुना. हा चुना ताकदीत फारशी भर घालत नाही. राखेतली सिलिका याच चुन्याशी संयोग करून आणखी तसाच पकड देणारा पदार्थ बनवते. म्हणून १० ते २० टक्के सिमेंटच्या जागी चांगली राख घातली तरी काँक्रीट भक्कम होऊ शकतं, पाणीही कमी झिरपतं.

मग अडतं कुठे? जाळण्यात. तूस साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आत, पुरेशी हवा देऊन जाळलं तर सिलिका क्रियाशील राहते. जास्त तापलं की तिचे स्फटिक होतात आणि ती थंड पडते. हवा कमी पडली की कार्बन उरतो, राख काळी होते. मिलचा बॉयलर चालतो वाफेसाठी. राख कशी निघते, याची तिथे कुणाला फिकीर नसते. शिवाय ही राख सच्छिद्र, पाणी पिते. मिक्स घट्ट झालं म्हणून मिस्त्री पाणी वाढवतो, आणि ताकद तिथेच जाते.

अजून एक. दुकानातली गोणी पीपीसी असेल, तर तिच्यात आधीच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते. म्हणजे त्या चुन्याला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं!

आयएस ४५६ : २००० या मानकात तुसाच्या राखेला जागा आहे. पण तिचा दर्जा एकसारखा हवा आणि मंजुरी हवी. त्यामुळे वापरायचीच असेल तर राख तपासून, बारीक दळून, इंजिनिअरकडून मिक्स डिझाइन करून घ्या. ७ आणि २८ दिवसांच्या क्यूब टेस्ट बघा. चार गोण्या वाचतील हो, पण स्लॅब आपल्याच डोक्यावर असतो.

भेटूया पुढच्या भागात!